परवाना आणि तबकडी : गृहरंजन-यंत्रांच्या परावलंबनाचा इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हडपसरच्या हद्दीत, 'आकाशवाणी' या नावाचा एक बसथांबा आहे. नावाचे कारण उघड आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि या केंद्राचा मध्यमलहरी प्रक्षेपक हडपसर येथे उभा राहिला. कार्यक्रम शिवाजीनगरच्या ध्वनिगृहात तयार व्हावेत आणि हडपसरच्या मनोऱ्यावरून ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीवर ते पुणे जिल्ह्यात व त्यापलीकडे पसरावेत, अशी ही व्यवस्था होती. मनोऱ्याखालून जाणाऱ्या बैलगाड्या पुढे दिसेनाशा झाल्या, भोवतालच्या मळ्यांवर कारखाने आले, नंतर मगरपट्ट्याची सायबरसिटी आली. थांब्याचे नाव मात्र टिकले. इतिहासाच्या अभ्यासकास हडपसर प्रथम आठवते ते २५ ऑक्टोबर १८०२ च्या लढाईमुळे, ज्या दिवशी यशवंतराव होळकरांनी येथे शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. प्रस्तुत लेखाचा विषय तितका रणधुमाळीचा नाही. परंतु मालकी कोणाची आणि हुकमत कोणाची, हा जुनाच प्रश्न त्यातही आहे.

तो प्रश्न असा : घरात विकत आणून ठेवलेले करमणुकीचे यंत्र चालण्यासाठी बाहेरच्या कोणाशी तरी अखंड जोडलेले असलेच पाहिजे काय? २०१३ साली व्हिडिओ गेमच्या कन्सोलसंबंधाने, म्हणजे दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाच्या यंत्रासंबंधाने, हा प्रश्न जगभर गाजला. त्या वादात भाग घेणाऱ्या बहुतेकांनी तो इंटरनेटच्या युगाने निर्माण केलेला अगदी नवा प्रश्न मानला. वस्तुतः तसे नाही. गृहरंजनाच्या यंत्रांचा इतिहास पाहिला असता त्यांची दोन कुळे आरंभापासून वेगळी दिसतात. ग्रामोफोनचे कुळ स्वयंपूर्ण आहे. नभोवाणीचे कुळ परावलंबी आहे. व्हिडिओ गेमचे यंत्र जन्माने पहिल्या कुळातले असून गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते दुसऱ्या कुळात ओढले गेले. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात नेमके काय बदलले, याचा विचार हडपसरसारख्या एका गावाच्या दृष्टीने करणे सोयीचे आहे. कारण तेथे या दोन्ही कुळांच्या खुणा एकाच रस्त्यावर सापडतात.

प्रथम ग्रामोफोनचे कुळ पाहू. चावीचा ग्रामोफोन चालण्यास वीजदेखील लागत नसे. ग्रामोफोन कंपनीने १९०२ मध्ये कलकत्त्यास पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि १९०८ मध्ये तेथेच तबकड्या दाबण्याचा कारखाना काढला. त्यानंतर मराठी नाट्यपदांच्या तबकड्या ज्या गतीने खेडोपाडी पोचल्या, त्याचे रहस्य या स्वयंपूर्णतेत आहे. तबकडी विकत घेणाऱ्याचा कंपनीशी संबंध पेढीवर पैसे मोजताच संपे. ती तबकडी त्याने शेजाऱ्यास वाजविण्यास दिली, मुलीला सासरी पाठविली, अथवा जुन्या बाजारात मोडीत काढली, तरी कंपनीस त्याची वार्ता नसे. कंपनीचे दिवाळे निघाले असते तरी तबकडी मुकी झाली नसती. सुई झिजे, स्प्रिंग तुटे; पण ते दोष वस्तूचे होते. दूरच्या कोणाच्या मर्जीशी त्यांचा संबंध नव्हता.

नभोवाणीचे तसे नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा होता आणि सुमारे तीस मैलांच्या परिघातच त्याचे कार्यक्रम खात्रीने ऐकू येत. पुणे त्या परिघाच्या कितीतरी बाहेर होते. कंपनीच्या उत्पन्नाची भिस्त परवान्यांवर होती. ग्राहकयंत्र बाळगणाऱ्याने सरकारास वार्षिक दहा रुपये भरावयाचे आणि त्यातील ८० टक्के कंपनीस मिळावयाचे, असा करार होता. परवाने काही हजारांच्या पुढे गेले नाहीत. पुष्कळ लोक परवान्यावाचूनच ऐकत. १ मार्च १९३० रोजी कंपनी निकालात निघाली आणि सरकारला हे काम स्वतःकडे घ्यावे लागले.

परवाना चुकविणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम झाला व १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. त्याचा आशय ध्यानात घेण्यासारखा आहे. बिनतारी यंत्र वापरणे एवढेच नव्हे, तर ते परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्यास १०० रुपयांपर्यंत दंड आणि झडतीचा अधिकार. स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था चालू राहिली. डाकघरात दरसाल पैसे भरावे, परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा, हा हडपसरच्या रेडिओधारकाचाही वार्षिक विधी होता. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्रे दिसू लागली, तेव्हा दूरचित्रवाणी संचासही परवाना आला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सारे परवाने टप्प्याटप्प्याने रद्द झाले.

या व्यवस्थेत एक सूक्ष्म भेद आहे. रेडिओ दोन प्रकारे परावलंबी होता. प्रक्षेपक बंद पडला की तो मुका होई, कारण गाणे त्या पेटीत नव्हतेच. ते हडपसरच्या मनोऱ्यावरून येत होते. हे परावलंबन वस्तूच्या स्वभावातले होते आणि त्याविषयी कोणी तक्रार करीत नसे. दुसरे परावलंबन परवान्याचे. पण परवान्याची मुदत संपली म्हणून रेडिओ बंद पडल्याचे उदाहरण नाही. परवाना कागदावर होता आणि गाणे हवेत होते; त्या दोहोंची गाठ यंत्रात पडत नव्हती. परवाना चुकविणाऱ्यास शोधून काढण्यासाठी माणसाला दारापर्यंत जावे लागे, दंड करावयाचा तर न्यायालयापुढे जावे लागे, आणि तेथे आरोपीस आपले म्हणणे मांडता येई. पुढे जे घडले त्याच्या तुलनेत ही सारी व्यवस्था, तिच्या वसाहतवादी कडकपणासह, बरीच सैल होती असे म्हणावे लागते.

व्हिडिओ गेमचे यंत्र भारतात सामान्य घरांत पोचले ते १९९० च्या दशकात. निंटेंडोचे यंत्र येथे 'सामुराई' या नावाने विकले गेले, सेगाचे यंत्र शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणले, आणि या दोहोंपेक्षाही अधिक खप झाला तो 'मीडिया' आदी नावांनी विकल्या जाणाऱ्या नकली यंत्रांचा. खेळ ज्या प्लास्टिकच्या डबीत येई तिला मुले 'कॅसेट' म्हणत. तीत फीत नव्हती, तरी शब्द रूढ झाला. शब्दांचे असेच होते. कॅसेटच्या वेष्टनावर नऊ लाख नव्याण्णव हजार खेळांचा दावा असे व आत पाच-सात खेळ नावे पालटून पुनःपुन्हा येत. या व्यवहारात लबाडी होती, स्वामित्वहक्काचा भंग तर सर्रास होता. तथापि एका बाबतीत तो व्यवहार ग्रामोफोनच्या कुळाचाच होता : कॅसेट हातात आहे तोवर खेळ आपला आहे. सुटीत एकाने आपली कॅसेट द्यावी, दुसऱ्याची घ्यावी. ती चालेनाशी झाली की तोंडाने फुंकर मारून पुन्हा खुपसावी. गेम पार्लरच्या चालकाने तासावर भाडे घेऊन दहा मुलांना तीच कॅसेट खेळू द्यावी. जपानातील कारखानदारास यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या काळी अखंड जोडणीचा विचारही संभवत नव्हता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ते दूरध्वनीच्या तारेवरून, तासांच्या मोजणीवर आणि वर्षाच्या हजारो रुपयांच्या वर्गणीवर मिळे. इंटरनेट चालू असता घरचा दूरध्वनी अडून राही. जोडणी म्हणजे उघडावयाची, काम करावयाचे आणि तत्परतेने बंद करावयाची गोष्ट होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने 'सतत चालू' ही कल्पना येथे प्रथम शासकीय व्याख्येत आणली, पण तिची किमान गती २५६ किलोबिट एवढी ठरविली. जोडणीइतकाच विजेचाही प्रश्न होता. २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमनाने कळस गाठला. पुणे शहराने २००६ मध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीचा आधार घेऊन शहरापुरते भारनियमन टाळले. 'पुणे मॉडेल' म्हणून ती योजना प्रसिद्ध आहे. तिचा लाभ महापालिकेच्या हद्दीतील हडपसरला मिळाला. सोलापूर रस्त्याने थोडे पुढे गेले की ग्रामीण वाहिनीवरील गावांत अनेक तासांचा अंधार होता. यंत्राने दिवसातून एकदा दूरच्या कचेरीस हजेरी द्यावी, अशी अट त्या काळी कोणी घातली असती तर ती एकाच रस्त्यावरील दोन गावांना दोन प्रकारे लागू झाली असती.

परवाना यंत्राच्या आत शिरला तो खेळाच्या यंत्रातून नव्हे, केबलच्या पेटीतून. १९९० च्या दशकात गच्चीवरची तबकडी आणि खांबांवरून लोंबणारी तार यांनी पुण्याच्या पेठांप्रमाणेच हडपसरच्या वाड्या व्यापल्या. केबलचालक महिन्यास पैसे घेई; कोणी थकविले तर मनुष्य येऊन तार कापी. पैसे थकविणारा शेजाऱ्याकडून तार ओढून घेई, हाही भाग झालाच. केबल दूरचित्रवाणी अधिनियमात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१३ ही पुण्यासह ३८ शहरांसाठी संकेतबद्ध प्रक्षेपणाची मुदत ठरली. त्यानंतर 'सेट-टॉप बॉक्स' नावाच्या पेटीवाचून चित्र दिसेनासे झाले. या पेटीत एक कार्ड असते व त्या कार्डास मध्यवर्ती केंद्राकडून अनुज्ञा मिळत राहते. अनुज्ञा थांबली की पेटी थांबते. डाकघराचा शिक्का आणि प्रक्षेपकाची लहर यांची गाठ येथे पडली. तार कापणारा मनुष्य नाहीसा झाला. त्याच्याशी दोन दिवसांच्या सवलतीविषयी घालता येणारी हुज्जतही नाहीशी झाली. हा तोटा त्या वेळी फारसा कोणी हिशेबात धरला नाही.

तरीही सेट-टॉप बॉक्स हा रेडिओचाच वंशज होय. त्याने अडविलेली वस्तू, म्हणजे कार्यक्रम, मुळातच बाहेरून येत होती. २०१३ च्या कन्सोल-वादाचे वैशिष्ट्य असे की, जी वस्तू घरात, तबकडीवर, पैसे मोजून आणलेली होती तीच अडविण्याचा विचार झाला.

२१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'एक्सबॉक्स वन' या यंत्राची घोषणा केली आणि ६ जून रोजी त्याचे नियम प्रसिद्ध केले. ते थोडक्यात असे होते. तबकडीवरील खेळ यंत्रात एकदा उतरवून घेतला की तो खरेदीदाराच्या खात्यास जोडला जाईल व पुढे तबकडीची गरज उरणार नाही. त्याबदली यंत्राने २४ तासांतून एकदा कंपनीच्या केंद्राशी संपर्क साधला पाहिजे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला खेळ खेळावयाचा असल्यास दर तासाला. संपर्क न झाल्यास खेळ चालणार नाही. चित्रपटाच्या तबकड्या व दूरचित्रवाणी तेवढी चालेल. खेळ दुसऱ्यास देता येईल, पण एकदाच, आणि तोही ज्याचे नाव खरेदीदाराच्या स्नेह्यांच्या यादीत तीस दिवस तरी आहे अशालाच. जुना खेळ विकावयाचा तर ठराविक दुकानांतच. जोडणीची शिफारस केलेली गती दीड मेगाबिट होती. भारतात त्या महिन्यात ब्रॉडबँड या संज्ञेस पात्र होण्यास २५६ किलोबिट पुरे होत. भारताचे नाव कंपनीच्या पहिल्या २१ देशांच्या यादीत नव्हते, हे या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास त्याचे नवल वाटत नाही.

कंपनीच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे होते आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. तबकडी यंत्रात न घालता शेकडो खेळ हाताशी राहणे ही सोय होती. कुटुंबातील दहा जणांना एकच खेळसंग्रह वापरू देण्याची योजना तर उदार होती. चोरट्या प्रतींचा उपद्रव खराच होता, आणि भारतासारख्या देशात तो किती होता हे पुण्याच्या रस्त्यांवर उघड्याने विकल्या गेलेल्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही. परंतु या सर्व सोयी एका गृहीतकावर उभ्या होत्या : ग्राहक प्रतिदिनी आपण चोर नसल्याचे सिद्ध करील. १९३३ च्या अधिनियमाने यंत्र बाळगणाऱ्याकडून वर्षातून एकदा शिक्का मागितला होता.

१० जून २०१३ रोजी प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने आपल्या 'प्लेस्टेशन ४' या यंत्रास असे कोणतेही बंधन नसल्याचे लॉस एंजेलिस येथे जाहीर केले. खेळ मित्रास कसा द्यावा हे दाखविणारी एक छोटी चित्रफीतही तिने प्रसृत केली : एका गृहस्थाने दुसऱ्याच्या हातात तबकडी ठेवली, एवढेच तीत होते. मायक्रोसॉफ्टचे अधिकारी डॉन मॅट्रिक यांनी, ज्यांच्याकडे जोडणी नाही त्यांच्यासाठी आपल्या कंपनीचे जुने यंत्र आहेच, अशा अर्थाचे उत्तर एका मुलाखतीत दिले व ते फार महागात पडले. पाणबुडीवरील नाविक, परदेशी तळांवरील सैनिक, खेड्यांतील कुटुंबे अशा सर्वांचा रोष ओढवला. १९ जून रोजी कंपनीने नियम मागे घेतले. घोषणा ते माघार हा सारा प्रकार एका महिन्याच्या आत आटोपला. भारतात ते यंत्र २३ सप्टेंबर २०१४ रोजी आले, तेव्हा चोवीस तासांची अट इतिहासजमा झाली होती. हडपसरच्या ग्राहकाने त्या लढ्यात भाग न घेता तिचे फळ उपभोगले.

अखंड जोडणी तांत्रिक दृष्ट्या अपरिहार्य आहे, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्याची परीक्षा करण्यास त्याच काळातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १५ मे २०१२ रोजी प्रकाशित झालेला 'डायब्लो ३' हा खेळ संगणकावर एकट्याने खेळावयाचा असला तरी जोडणीवाचून चालत नसे. पहिल्याच दिवशी केंद्रावर एवढी गर्दी झाली की पैसे भरलेल्या असंख्य लोकांना 'त्रुटी ३७' एवढाच मजकूर वाचावयास मिळाला. पुढल्या वर्षी तोच खेळ कन्सोलसाठी निघाला तो जोडणीवाचून बिनदिक्कत चालला. मार्च २०१३ मध्ये निघालेल्या 'सिमसिटी' या नगररचनेच्या खेळाविषयी, त्याची बरीचशी गणिते कंपनीच्या दूरच्या संगणकांवर होत असल्यामुळे जोडणी अनिवार्य आहे, असे सांगण्यात आले. थोड्याच दिवसांत एका खेळाडूने आज्ञावलीत किरकोळ फेरफार करून तो जोडणीशिवाय चालवून दाखविला आणि वर्षभराने कंपनीने स्वतःच तशी सोय दिली. पुष्कळ खेळाडूंनी एकमेकांशी खेळावयाचा खेळ निराळा. त्याला दुसऱ्या पक्षाची गरज आहे, जशी बुद्धिबळाला असते. एकट्याच्या खेळात मात्र जोडणी मागते ती खेळाची गरज नसून विक्रेत्याची असते, एवढे या उदाहरणांवरून निश्चित होते.

येथे हडपसरच्याच शेतीतील एक दाखला सुचतो. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा हडपसरच्या शिवारातून पुढे जातो. कालव्याच्या पाण्याने या भागातील बागायत फुलली हे खरे. पण कालव्याचे पाणी पाळीने येते आणि पाळी दुसरा ठरवितो. म्हणून ज्याला शक्य होते त्या मळेकऱ्याने कालवा दारात असूनही विहीर बुजविली नाही. कालव्यास विरोध म्हणून नव्हे. पाळी चुकली तर उभे पीक वाळू नये म्हणून.

पाळी चुकण्याचे प्रसंग पुढे आलेच. २० एप्रिल २०११ रोजी सोनीचे जाळे हल्ल्यामुळे बंद पडले, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली व सेवा पूर्ववत होण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. स्वतःकडे तबकडी असलेले खेळ त्या काळात चालत होते, ही गोष्ट दोन वर्षांनंतरच्या वादात अनेकांच्या स्मरणात असावी. पुणे जिल्ह्याचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. ९ ऑगस्ट २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवशी खेड, शिरूर, बारामती इत्यादी तालुक्यांतील इंटरनेट सेवा प्रशासनाच्या आदेशाने थांबविण्यात आली. अशा आदेशांसाठी त्या वेळी २०१७ चे नियम होते, आणि १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यातील निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर मर्यादा घातल्या. आदेश योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. जोडणी तोडण्याचा अधिकार केवळ विक्रेत्याकडे नसतो, तो शासनाकडेही असतो, आणि त्या दिवशी शिरूरच्या घरातील यंत्रास हजेरी देता आली नसती तर त्याचे कारण विचारण्यास यंत्र थांबले नसते, एवढेच नोंदवावयाचे आहे.

शासनाच्या या अधिकाराचे दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. 'पबजी मोबाइल' या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने अन्य ११७ अनुप्रयोगांसह बंदी घातली व ३० ऑक्टोबरला त्याची भारतातील केंद्रे बंद झाली. कोट्यवधी तरुणांच्या हातातील खेळ एका दिवसात संपला. १९३४ च्या निरीक्षकाला जे काम घरोघर हिंडून साधले नसते ते येथे एका आदेशाने साधले. त्याचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये तोही हटविला गेला व मे २०२३ मध्ये परतला. हा खेळ शंभर जणांनी मिळून खेळावयाचा असल्याने त्याची जोडणी स्वाभाविक होती हे मान्य करूनही, वस्तू आणि सेवा यांतील अंतर त्या पिढीला या प्रसंगाने जितके शिकविले तितके कोणत्याही व्याख्यानाने शिकविले नसेल.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर जोडणीची दुर्मिळता हा आक्षेप पुष्कळसा दुबळा झाला. हडपसरच्या नव्या इमारतींत प्रकाशतंतूची तार नळाच्या पाण्याइतकी गृहीत धरली जाते. किंबहुना, उन्हाळ्यात टँकर मागविणाऱ्या काही वसाहतींत तर पाण्यापेक्षा अधिक. म्हणून २०१३ चा वाद निकाली निघाला असे मानण्याकडे कल असतो. पण त्या वादातील अधिक टिकाऊ मुद्दा दुर्मिळतेचा नव्हताच. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये निघाला. एकट्याने खेळण्याजोगा बराच भाग त्यात होता, तरी तो जोडणीवाचून चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याची केंद्रे बंद केली आणि ज्यांच्या कपाटात तबकडी होती त्यांच्याकडेही खेळ उरला नाही. येथे ग्राहकाची जोडणी उत्तम होती. पलीकडे कोणी नव्हते. यावरून युरोपात नागरिकांचा जो अर्ज सुरू झाला त्यावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, केवळ वापराचा परवाना देत असता 'खरेदी' हा शब्द तसे स्पष्ट न सांगता योजण्यास विक्रेत्यांना मनाई केली. 'परवाना' हा शब्द अशा रीतीने चाळीस वर्षांनी गृहरंजनाच्या व्यवहारात परत आला. फक्त तो आता सरकारचा नसून विक्रेत्याचा आहे, आणि डाकघरात नूतनीकरणाची सोय नाही.

भारतीय कायद्यात या संबंधाने फारसे काही नाही. स्वामित्वहक्क अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ संरक्षक तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. कायद्याने स्पष्ट निषिद्ध न केलेल्या कामासाठी तसे करण्यास ते आडकाठी करीत नाही. अन्य कित्येक देशांच्या तुलनेत हे कलम सौम्य आहे. परंतु बंद पडलेल्या केंद्राची किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, असे बंधन विक्रेत्यावर कोठेही नाही. परिणामी, आज पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी १९९० च्या दशकातील एखादी कॅसेट हाती लागली तर ती, फुंकर मारून का होईना, चालण्याचा संभव आहे. २०१४ च्या 'द क्रू'ची कोरी तबकडी चालण्याचा नाही. खेळांच्या इतिहासाचे साधन म्हणून या दोहोंतील कोणती वस्तू संशोधकाच्या कामी येईल, हे उघड आहे.

२०१३ च्या माघारीसंबंधी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. १९ जूनच्या निवेदनात कंपनीने चोवीस तासांची अट काढली, पण नवे यंत्र प्रथम सुरू करतेवेळी एकदा तरी जोडणी करावी लागेल, हे त्याच निवेदनात म्हटले होते, आणि यंत्र बाजारात आले तेव्हा ती अट कायम होती. सोनीच्या यंत्रातही पुढे अशा गोष्टी शिरल्या. 'प्लेस्टेशन ४' मधील घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली व केंद्राशी संपर्क नसला तर खेळ अडतात, असे २०२१ मध्ये ध्यानात आले. सप्टेंबर २०२१ च्या सुधारणेने तो दोष दूर करण्यात आला. २०२३ मध्ये निघालेल्या 'प्लेस्टेशन ५' च्या नव्या आवृत्तीत तबकडी वाचणारा भाग सुटा मिळतो. तो बसविताना यंत्राने एकदा कंपनीच्या केंद्राशी बोलून त्याची ओळख पटवून घ्यावी लागते. ओळख पटली की पुढे जोडणी लागत नाही.